आहार व निरोगी वार्धक्य

आपल्यापैकीं बहुतेकांनीं स्वयंपाकघरांत एक गोष्ट पाहिलेली असेल. भाजीकरितां वांगें चिरलें कीं आई त्याच्या फोडी लागलीच पाण्यांत टाकते. तसें न केल्यास त्या थोड्याच वेळांत काळ्या पडतात. सफरचंदाची फोड ताटांत तशीच राहिली तर ती तांबूस होते. सोललेल्या केळ्याचीही तीच गत. उलट लिंबू चिरून ठेविलें तर तें वाळेल, पण असें काळें पडणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर सफरचंदाच्या फोडीस लिंबाचा रस चोळला असतां तीही बराच वेळ पांढरी राहते. गोष्ट क्षुल्लक खरी. परंतु तिच्यामागें जें कारण आहे त्याचा माणसाच्या म्हातारपणाशींही संबंध आहे, असें सांगितल्यास कित्येकांस आश्चर्य वाटेल. तो संबंध कोणता, व त्यावरून आपल्या घरांतील वडील माणसांच्या ताटाविषयीं आपण कोणता बोध घ्यावा, हें प्रस्तुत लेखांत सोप्या रीतीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

श्वासाबरोबर आपण जो प्राणवायु आंत घेतों, त्यावांचून आपणांस क्षणभरही चैन पडावयाची नाहीं. इंग्लंडांतील धर्मोपदेशक व रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनीं १७७४ सालीं हा वायु वेगळा काढला. त्यांत मेणबत्ती अतिशय तेजानें जळते व लवकर संपते, हें त्यांनीं पाहिलें. आणि केवळ ह्या शुद्ध वायूंत राहणाऱ्या प्राण्याचें आयुष्यही मेणबत्तीप्रमाणें लवकर सरून जाईल कीं काय, अशी शंका त्यांनीं बोलून दाखविली. त्या काळीं ती निव्वळ कल्पना होती; पण तिच्यांत तथ्यांश होता. जो प्राणवायु दिवा तेवत ठेवितो, तोच दिव्याची वातही खातो. पावसाळ्यांत खिडकीच्या लोखंडी गजांस गंज चढतो, फार दिवस उघड्या राहिलेल्या तेलास खवट वास येतो, चिरलेलें वांगें काळें पडतें. हीं सर्व प्राणवायूचींच कामें आहेत. ह्या क्रियेस शास्त्रांत ऑक्सिडीकरण असें म्हणतात.

आपल्या शरीरांतही हीच क्रिया अहोरात्र चालू असते. शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे, व बहुतेक पेशींत तंतुकणिका नांवाच्या जणूं लहान लहान चुलीच असतात. आपण खाल्लेलें अन्न तेथें प्राणवायूच्या साह्यानें सावकाश जळतें व त्यांतून आपणांस शक्ति मिळते. चूल कितीही चांगली असली तरी तिच्यांतून एखादी ठिणगी बाहेर उडावयाचीच. त्याचप्रमाणें ह्या सूक्ष्म चुलींतूनही कांहीं अस्थिर कण निसटतात. त्यांस मुक्त मूलकें हें नांव आहे. सामान्यतः रेणूंतील इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें राहतात; मुक्त मूलकांतील एक इलेक्ट्रॉन मात्र एकटा पडलेला असतो. ही उणीव भरून काढण्याकरितां तें मूलक शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतें. मग तो शेजारी दुसऱ्याकडून घेतो. आणि ही लुटालूट अशीच पुढें पसरत जाते. पेशीचें आवरण, तिच्यांतील प्रथिनें, आणि आनुवंशिक गुण ज्यांत सांठविलेले असतात तें डी.एन.ए. नांवाचें द्रव्य, ह्या सर्वांस तिचा उपद्रव पोहोंचतो. तंबाखूचा धूर, प्रखर ऊन व दूषित हवा यांच्या योगानें ह्या ठिणग्यांत बाहेरून आणखी भर पडते.

अशा मूलकांचा म्हातारपणाशीं संबंध प्रथम अमेरिकेंतील डेनहॅम हार्मन यांनीं जोडला. हे गृहस्थ आधीं एका तेलकंपनींत रसायनशास्त्रज्ञ होते. पुढें ते वैद्यकाकडे वळले. जन्मभर थोडें थोडें होत राहणारें हें नुकसान शरीरांत सांचत जातें व त्यामुळेंच माणूस म्हातारा होतो, असें मत त्यांनीं १९५६ सालीं मांडलें. आरंभीं त्या मताकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. परंतु १९६९ सालीं जो मॅक्कॉर्ड व अर्विन फ्रिडोविच ह्या दोघांनीं असें दाखविलें कीं, ह्या ठिणग्या विझविणें हेंच ज्याचें काम, असें एक विकर शरीरांत असतें. शत्रु नसता तर शरीरानें हा पहारेकरी कशास ठेविला असता? तेव्हांपासून ह्या विषयाचा अभ्यास जोरानें सुरू झाला. वार्धक्याचीं कारणें अनेक आहेत व हें त्यांपैकीं केवळ एक, असें आज शास्त्रज्ञ मानतात. तथापि हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण होणें, मोतीबिंदु होणें इत्यादि म्हातारपणच्या विकारांत ऑक्सिडीकरणाचा हात असतो, याविषयीं फारसा मतभेद राहिलेला नाहीं.

शरीराचे पहारेकरी दोन प्रकारचे आहेत. पहिले घरचे, म्हणजे शरीर स्वतः तयार करतें तीं विकरें. त्यांस तांबें, जस्त, मँगनीज, लोह, सेलेनियम अशीं खनिजें अल्प प्रमाणांत लागतात व तीं अन्नांतूनच मिळवावीं लागतात. दुसरे बाहेरून येणारे: जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, गाजरास रंग देणारें कॅरोटीन, आणि फळें, भाज्या व धान्यें यांतील पॉलिफेनॉल नांवाचीं नानाविध द्रव्यें. हीं सर्व द्रव्यें स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊन त्या लुटारूस शांत करतात. म्हणून त्यांस अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणास आवर घालणारीं, असें म्हणतात. त्यांत एक मौज अशी आहे कीं ह्यांपैकीं कोणीही एकटें काम करीत नाहीं. जीवनसत्त्व ई पेशीच्या स्निग्ध आवरणांत राहून पहारा करतें. आपला इलेक्ट्रॉन देऊन तें थकलें म्हणजे पाणथळ भागांत वावरणारें जीवनसत्त्व क त्यास पुनः कामाच्या योग्यतेचें करतें. हा परस्पर साहाय्याचा धर्म वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन पडेल.

जीवनसत्त्व क ह्याच्या शोधाची कथा तर आमच्या वांग्याच्या फोडींशीं थेट जोडलेली आहे. कांहीं फळें चिरल्यावर काळीं पडतात व लिंबासारखीं कांहीं पडत नाहींत, असें कां व्हावें, हा प्रश्न हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांस पडला होता. त्याचा शोध घेतां घेतां काळेपणा थोपवून धरणारें एक द्रव्य १९२८ सालच्या सुमारास त्यांच्या हातीं लागलें. परंतु परीक्षेस पुरेल इतकें तें कोठें मिळेना. पुढें ते हंगेरींतील सेगेड शहरीं प्राध्यापक असतांना एके रात्रीं पत्नीनें त्यांच्या ताटांत ताजी ढोबळी मिरची वाढली. ती खाण्याची त्यांस इच्छा नव्हती, आणि तसें स्पष्ट सांगण्याचें धैर्यही होईना. तेव्हां, हिची परीक्षा अद्यापि आपण केली नाहीं अशी सबब काढून ते ती मिरची घेऊन प्रयोगशाळेंत गेले. आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांस कळून आलें कीं ती मिरची म्हणजे त्या द्रव्याची खाणच आहे! ही हकीकत पुढें त्यांनींच सांगितली. तें द्रव्य म्हणजेच जीवनसत्त्व क होय. १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ताटांतील भाजी टाळण्याच्या युक्तीचें असें उत्तम फळ मिळाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकण्यांत नाहीं. सबब विद्यार्थ्यांनीं त्या युक्तीचें अनुकरण करूं नये.

आतां हीं द्रव्यें आपल्याकडे कशांत मिळतात तें पाहूं. जीवनसत्त्व क ह्याच्या बाबतींत आवळा व पेरू यांचा हात धरणारीं फळें थोडीं. १०० ग्रॅम पेरूंत हें जीवनसत्त्व सुमारें २०० मिलिग्रॅम असतें, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम हें प्रमाण ठरविलें आहे. यावरून एक मध्यम पेरू एका माणसाची दिवसाची गरज भागवून वर उरतो, हें उघड आहे. शेवग्याचा पाला, अळू, माठ, मेथी, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई व आंबा यांत कॅरोटीन असतें. करडईचें तेल व शेंगदाणे यांत जीवनसत्त्व ई असतें. टोमॅटोचा तांबडा रंग लायकोपीन नांवाच्या द्रव्याचा. आणि जांभूळ व कोकम यांचा जो रंग जिभेवर व कपड्यांवर उमटून मुलांस घरीं बोलणीं खावयास लावतो, तोही ह्याच कुळांतील अँथोसायनिन नांवाच्या द्रव्यांचा. नाचणीच्या सालींत पॉलिफेनॉल असतात. एकंदरींत ताटांतील नाना रंग हे बहुधा ह्या पहारेकऱ्यांचे गणवेशच होत असें म्हटलें तरी चालेल. मात्र कांदा, लसूण, फुलकोबी हे रंगानें फिके असले तरी गुणानें फिके नाहींत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, “हीं द्रव्यें इतकीं उपकारक आहेत, तर भाजी चिरण्याची खटपट कशाला? त्यांचा अर्क काढून गोळ्या कराव्या व रोज एक घ्यावी, म्हणजे झालें!” हा विचार मोठमोठ्या विद्वानांसही सुचला होता. जे लोक फळें व भाज्या पुष्कळ खातात त्यांस हृदयविकार, पक्षाघात व कांहीं प्रकारचे कर्करोग कमी होतात, असें अनेक देशांत दिसून आलें होतें. ज्यांच्या रक्तांत कॅरोटीन अधिक, त्यांस फुफ्फुसाचा कर्करोग कमी, असेंही आढळलें होतें. तेव्हां फिनलंड देशांत १९८५ सालापासून एक मोठा प्रयोग करण्यांत आला. ५० ते ६९ वर्षे वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडून त्यांतील कांहींस बीटा कॅरोटीनच्या, कांहींस जीवनसत्त्व ई च्या, कांहींस दोहोंच्या, व कांहींस नुसत्या दिखाऊ गोळ्या पांच ते आठ वर्षे देण्यांत आल्या. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हां वैद्यकांतील सर्व लोक थक्क झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक झाला होता! अमेरिकेंत असाच दुसरा प्रयोग १८,३१४ लोकांवर चालू होता. तेथेंही तोच अनिष्ट परिणाम दिसूं लागल्यामुळें तो १९९६ सालीं मुदतीच्या २१ महिने आधीं थांबविणें भाग पडलें. जीवनसत्त्व ई च्या मोठ्या मात्रेचा ३५,५३३ पुरुषांवरील एक प्रयोग असाच निष्फळ ठरला. इतकेंच नव्हे, तर त्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शेंकडा १७ नें अधिक झाला, असें २०११ सालीं जाहीर झालें.

असें कां झालें असावें? एक कारण असें कीं, वर सांगितल्याप्रमाणें हीं द्रव्यें परस्परांच्या साहाय्यानें काम करतात. पेरूंत अथवा मेथींत तीं शेंकडों मिळून व माफक प्रमाणांत असतात. गोळींत एकच द्रव्य, तेंही एकाकी व मोठ्या मात्रेंत येतें. दुसरें कारण असें कीं, ठिणगी ही सर्वस्वीं शत्रु नव्हे. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतु मारण्यासाठीं हींच मूलकें शस्त्रासारखीं वापरतात. व्यायामाच्या वेळीं स्नायूंत उडणाऱ्या ठिणग्या शरीरास जागें करतात व घरचे पहारेकरी वाढविण्याची सूचना देतात. जर्मनींत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करविण्यांत आला; त्यांतील ज्यांस जीवनसत्त्व क व ई यांच्या मोठ्या मात्रा दिल्या, त्यांच्या शरीरांत साखरेच्या पचनास व्यायामामुळें व्हावयाचा लाभ झालाच नाहीं, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. चुलींतील ठिणगी घरावर पडूं नये हें खरें. पण म्हणून कोणी चुलींत घागरभर पाणी ओतीत नाहीं.

बाजारांत अमुक फळांत किंवा चूर्णांत अँटिऑक्सिडंट शक्ति अमुक हजार आहे, अशा जाहिराती पालकांच्या पाहण्यांत येत असतील. तो आंकडा कांचनळींतील असतो. अमेरिकेच्या कृषिखात्यानें अशा आंकड्यांचें एक मोठें कोष्टक प्रसिद्ध केलें होतें. परंतु कांचनळींतील आंकड्यावरून शरीरावरील परिणाम ठरत नाहीं व व्यापारी लोक त्या कोष्टकाचा गैरवापर करतात, असें पाहून त्या खात्यानें २०१२ सालीं तें काढून टाकलें. येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कांहीं गोळ्यांचा खरा उपयोग असतो. म्हातारपणीं दृष्टीचा मध्यभाग मंद करणाऱ्या एका नेत्ररोगांत जस्त व कांहीं जीवनसत्त्वें यांच्या विशिष्ट मिश्रणानें रोगाची वाढ मंदावते, असें २००१ सालीं सिद्ध झालें आहे. म्हणून डॉक्टरांनीं दिलेलें औषध कोणींही आपल्या मनानें बंद करूं नये. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आपल्या मनानें सुरूही करूं नये.

आमच्या परिचयाचें एक घर आहे. तेथील आजोबांचें वय पंचाहत्तरांवर. त्यांचा मुलगा परगांवीं नोकरीस असून वडिलांविषयीं त्याच्या मनांत अपार प्रेम आहे. म्हणून तो दरमहा महागड्या जीवनसत्त्वांची बाटली न चुकतां पाठवितो. एके दिवशीं आम्ही तेथें जेवावयास असतां आजोबांनीं मेथीची भाजी हळूच ताटाच्या कडेस सारली. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ते हंसून म्हणाले, “मास्तर, आवडत नाहीं असें नाहीं हो, दांत राहिले नाहींत. चावत नाहीं.” काकडीची कोशिंबीर, पेरूची फोड, भाकरीचा पापुद्रा ह्या सर्वांस त्यांनीं दांतांबरोबरच निरोप दिला होता, आणि मऊ भात, पातळ आमटी व चहांत बुडविलेलीं बिस्किटें यांवर त्यांचा दिवस निघत होता. घरांत भाजी होती, प्रेम होतें, पैसाही होता. नव्हता फक्त कोणास तो प्रश्न विचारण्यास वेळ. त्या दिवसापासून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, निरोगी वार्धक्याचा प्रश्न निम्मा रसायनशास्त्राचा असेल, पण निम्मा किसणीचा व खलबत्त्याचा आहे.

ह्या कामीं आमच्या विद्यार्थ्यांस पुष्कळ करतां येण्याजोगें आहे. आजीआजोबांकरितां गाजर, काकडी, बीट बारीक किसून द्यावें. पालक किंवा अळू यांची ताक अथवा डाळ घातलेली मऊ पातळ भाजी आईस करावयास सांगावी. पेरू शिजवून बिया गाळून द्यावा. आवळा किसून भातावर अथवा वरणांत घालावा. पिकलेली पपई तर चमच्यानेंही खातां येते. नाचणीची आंबील दांतांवांचून पोटांत जाते. भाजी आधीं धुवून मग चिरावी, कारण जीवनसत्त्व क पाण्यांत विरघळून जातें. तें उष्णतेनेंही नाश पावतें, म्हणून लिंबू पिळावयाचें तें भांडें चुलीवरून उतरल्यावर पिळावें. कॅरोटीन मात्र स्निग्ध पदार्थावांचून अंगीं लागत नाहीं. याकरितां गाजराच्या कोशिंबिरींत दाण्याचें कूट किंवा तेलाची फोडणी असावी. टोमॅटोंतील लायकोपीन तर तेलांत शिजविल्यानें अधिक चांगलें मिळतें. आपल्या आज्या व पणज्या ह्या रीती पाळीत आल्या, तेव्हां त्यांस लायकोपीन हा शब्द ठाऊक नव्हता. पण कूट, फोडणी व शेवटीं पिळलेलें लिंबू यांचें महत्त्व त्यांस पक्कें ठाऊक होतें.

प्रमाण किती असावें? जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें माणसानें दिवसास निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्या, आणि त्यांत बटाटा किंवा रताळें धरूं नये. सकाळीं एखादें फळ, दोन्ही जेवणांत एक वाटी भाजी व थोडी कोशिंबीर एवढ्यानें हें माप जवळजवळ भरतें. त्यासाठीं परदेशची महाग फळें आणण्याचें कारण नाहीं. ज्या ऋतूंत जें स्वस्त तेंच बहुधा ताजें असतें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या अथवा रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्या वडील माणसांच्या आहारांत मात्र पालेभाज्या एकाएकीं वाढवूं नयेत; डॉक्टरांस विचारून त्यांचें प्रमाण ठरवावें. आणि जो विडी किंवा सिगारेट ओढतो त्यानें असें समजूं नये कीं वर एक आवळा खाल्ला म्हणजे हिशेब फिटला. फिनलंडच्या प्रयोगाचा धडा त्याच्यासाठींच आहे. आग लावणारा हात थांबल्याशिवाय पहारेकऱ्यांनीं काय करावें?

वार्धक्य टाळतां येत नाहीं, व कोणतेंही फळ तें टाळीत नाहीं. जें टाळतां येईल तें अकालीं येणारें पंगुत्व. मुक्त मूलकांचें नुकसान साठाव्या वर्षीं सुरू होत नाहीं. तें आजच, शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या शरीरांतही, कणाकणानें चाललें आहे, व त्याची डागडुजीही रोजच्या रोज चालली आहे. म्हणून डब्यांतील पालेभाजी जो विद्यार्थी मित्राच्या डब्यांत गुपचूप ढकलतो, तो आपल्या साठाव्या वर्षाच्या शिदोरींतून घांस काढून देतो आहे, हें त्यानें ओळखावें. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, वडिलांसाठीं बाटली विकत घेण्यापूर्वीं एकदां त्यांच्या ताटाजवळ बसून, त्यांस काय चावतें व काय चावत नाहीं हें पाहावें. आणि विद्यार्थ्यांस सांगणें हें कीं, आज घरीं गेल्यावर किसणी हातीं घ्या. आजीच्या ताटांत तांबड्या गाजराची मऊ कोशिंबीर तुमच्या हातची पडली, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं.